दुसऱ्या मध्यंतरातला फोन

१६ सप्टेंबर २०१२, रविवार

लागलं एकदाचं टाळं! सकाळी रेडिओवर सांगितलं — टीमांच्या मालकांचा आणि खेळाडूंचा करार रात्री संपला, नवा झाला नाही, मालकांनी खेळाडूंना बाहेर काढलं. टाळेबंदी. करार होईपर्यंत बर्फावरची हॉकी नाही. मी अंडं उकडायला ठेवलं होतं. ऐकता ऐकता त्याचा दगड झाला.

बेकरीत सगळे आधीच जमलेले. स्टेब्बी तावातावाने बोलत होता. माझ्या नवऱ्याबरोबर, बाल्डुरबरोबर, त्याने चाळीस वर्षं तळ्यात जाळी टाकली, त्यामुळे माझ्यावर आवाज चढवायचा आपल्याला हक्क आहे असं तो समजतो. 'अब्जाधीश आणि कोट्यधीश भांडतायत वहिनी, आणि उपाशी कोण? आपण!' हे म्हणताना तोंडात तिसरी क्लाइना होती. तळलेली, साखर पेरलेली.

मग उभा राहून शपथ घेतली — टाळं निघेपर्यंत दाढी करणार नाही. खेळाडू शेवटच्या फेरीत दाढी राखतात, हा टाळेबंदीची राखणार. बेकरीवाली म्हणाली, 'म्हणजे आठवडाभरच ना?' सगळे हसले.

मीही हसले. घरी येऊन फोनकडे बघत बसले.

११ ऑक्टोबर, गुरुवार

आज मोसम सुरू व्हायचा होता. संध्याकाळी टीव्ही लावला, लाकूडतोड्यांचा कार्यक्रम चालू होता. बंद केला. बाल्डुरच्या खुर्चीवरची चादर झटकली. परत घातली.

नऊला पाच मिनिटं कमी असताना उठून फोनचा चोंगा उचलून बघितला. आवाज येत होता. म्हणजे चालू आहे.

१४ ऑक्टोबर

हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

एगिल मला फक्त सामन्याच्या मध्यंतरात फोन करतो. दुसऱ्या मध्यंतरात. सतरा मिनिटं असतात. सोळा मिनिटं बोलतो आणि 'चल आई, येतायत बर्फावर' म्हणून ठेवतो. गेल्या मोसमात ब्याऐंशी सामने झाले, फोन अठ्ठ्याहत्तर आले. चार वेळा त्याची कामाची पाळी होती. तो तिकडे दूर पश्चिमेला अल्बर्टात, तेल मिसळलेल्या वाळूच्या खाणीच्या छावणीवर. मोठमोठ्या ट्रकांची इंजिनं उघडतो.

त्याआधी वर्षाला दोन फोन यायचे. नाताळ आणि माझा वाढदिवस.

बाल्डुर गेला दोन हजार अकराच्या मार्चमध्ये. पंधरा वर्षं वाट बघितली होती त्याने आमच्या विनिपेगला टीम परत येण्याची. टीम आली त्याच शरदात! सहा-सात महिने थांबला असता तर. पहिल्या सामन्याला मी टीव्ही लावला तो फक्त त्याच्यासाठी. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, मला मासा सोलण्यातलं कळतं. एकतीस वर्षं तेच केलं. आणि दुसऱ्या मध्यंतरात फोन वाजला. 'आई, बघतेयस ना?'

बघतेय म्हटलं. काय म्हणणार होते!

मग शिकले. ऑफसाइड म्हणजे काय ते स्टेब्बीने बेकरीच्या टेबलावर साखरेचे खडे मांडून शिकवलं. पक, म्हणजे ती रबरी चकती, तिच्या जागी मनुका ठेवला होता. समजल्यावर मी मनुका खाऊन टाकला. आणि हळूहळू — लाज वाटते लिहायला — मला आवडायलाच लागलं! गोलरक्षक पाय पसरून पक अडवतो ना, मी खुर्चीतून उठते. बाल्डुर बघता तर म्हणता, ही कोण बाई?

पण खरा आनंद वेगळाच होता. एगिलला हॉकी परत सापडली, हा. ते पुन्हा कधीतरी लिहीन.

२५ ऑक्टोबर

आणखी सामने रद्द. बर्फ पडला, राहिला नाही.

६ नोव्हेंबर, मंगळवार

लिहिते आज.

एगिल सहा वर्षांचा असल्यापासून बाल्डुर त्याला पहाटे पाचला रिंकवर न्यायचा. पोरगा चांगला खेळायचा. पण बाल्डुर काचेपाशी उभा राहून ओरडायचा, सगळ्या गावासमोर. एगिल पंधरा वर्षांचा असताना, मार्चमध्ये, सामना चालू असतानाच तो बाकावर बसला, स्केटच्या नाड्या सोडल्या, स्केट तिथेच ठेवले आणि नुसत्या मोज्यांवर बर्फातून गाडीपर्यंत चालत गेला.

त्यानंतर बाप-लेक बोलले नाहीत. त्या रात्री नाही, त्या उन्हाळ्यात नाही. पुढे 'मीठ दे' आणि 'गाडी हलव' एवढ्यावर आले, तिथेच राहिले. मी मध्ये पडले नाही. सूप वाढत राहिले.

म्हणून गेल्या वर्षी फोन आला तेव्हा वाटलं, बाप गेल्यावर का होईना, मिटलं याच्या मनातलं. तो तिकडे टीव्हीसमोर बसतो, मी इकडे. दोघं तेच बघतोय. घरात दोन माणसं असल्यासारखं वाटायचं मला.

८ नोव्हेंबर

टीव्हीवाले शनिवारी जुने सामने दाखवतायत. प्रेक्षकांनी मतं देऊन निवडलेले. या शनिवारी आमच्या जुन्या टीमचा आणि एडमंटनचा, नव्वद सालच्या आसपासचा. पेपरात चौकट आलीय.

चक्क मी फोन केला! आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला केला. 'काय झालं आई?' घाबरलाच तो. काही नाही म्हटलं, जुना सामना आहे, बघणार का?  म्हणाला, 'हो, बघू की. दुसऱ्या मध्यंतरात करतो.'

स्टेब्बीला सांगितलं तर म्हणाला, 'शिळं जेवण, वहिनी. पण भूक लागलीय, खाऊ.' दाढी आता गळ्यापर्यंत. त्यात सूप अडकतं.

१० नोव्हेंबर, शनिवार

काय लिहू.

सात वाजता बसले. टीमच्या रंगाचा निळा स्वेटर घातला, कॉफी केली, साखरेचा खडा दातात धरला. आणि टीव्हीवाल्यांनी आयत्या वेळी दुसराच सामना लावला! का, ते सांगितलं नाही. टोरंटो आणि माँट्रियाल, साठ सालच्या आसपासचा. डोक्यावर हेल्मेट नाहीत, सगळ्यांचे भांग नीट पाडलेले. वाईट नव्हता. एगिलचा फोन आला की यावरच हसू, असं ठरवून बसले.

फोन आला. बरोबर वेळेवर.

'आई! बघितलंस? आपल्या खेळाडूंचा तो जुना निळा स्वेटर बघूनच कसं वाटलं नाही? आणि एडमंटनचा नारिंगी! डोळ्यात घुसतो अगदी.'

मी टीव्हीकडे बघितलं. निळं काही नव्हतं. नारिंगी काही नव्हतं. सगळा सामना काळा-पांढरा होता.

'हो,' म्हटलं. 'घुसतो खरा.'

पुढची पंधरा मिनिटं तो बोलला. पेपरातल्या चौकटीत जे होतं तेच, त्याच क्रमाने. मी हूं हूं करत होते. मग म्हणाला, 'चल आई, येतायत बर्फावर.'

११ नोव्हेंबर

झोप नाही. गेल्या मोसमातला एकेक फोन आठवून बघतेय. तो नेहमी आधी विचारायचा, 'तुला काय वाटलं?' मी सांगायचे. मग तो त्यालाच जोडायचा. आपलं असं कधी काय बोलला? दोन वाक्यं. कुणी गोल मारला आणि कोण बरं खेळलं. कधीच तिसरं नाही. कधी चिडला नाही, पंचाला शिव्या दिल्या नाहीत. हॉकी बघणारा माणूस पंचाला शिव्या दिल्याशिवाय राहतो? माझ्या लक्षात कसं आलं नाही!

तो बघतच नव्हता. एकही सामना नाही. मी एकटीच बघत होते.

१७ नोव्हेंबर, शनिवार

नऊला फोन वाजला. अकरा वेळा. मोजत बसले. उचलला नाही.

मला कीव नकोय कुणाची. म्हातारीला आठवड्यातून तीनदा औषधासारखा फोन! घड्याळ लावून करत असेल.

२४ नोव्हेंबर, शनिवार

सात वेळा.

१ डिसेंबर, शनिवार

वाजला नाही.

२ डिसेंबर

तळं गोठलं. स्टेब्बीची पोरं बर्फाखाली जाळी टाकायला गेली. मी खिडकीतून बघत होते. दिवसभरात बोललेली वाक्यं — पोस्टातल्या बाईला 'थंडी आहे', मांजरीला 'खाली उतर'. मांजर शेजाऱ्यांची.

मीच उचलला नाही. माझाच आडमुठेपणा. पण उचलून काय बोलायचं? सामना नसला की आम्हा दोघांना बोलायला विषयच नाही, हे मला माहीत आहे. त्यालाही.

९ डिसेंबर

बोलणी फिसकटली. बेकरीत गेले. स्टेब्बी म्हणाला, 'या वर्षी होत नाही वहिनी. संपलं.' मग हळूच विचारलं, 'एगिल काय म्हणतो?' सगळ्या गावाला माहीत आहे त्याच्या फोनांचं, मीच मिरवलंय ना.

'तोही कंटाळलाय,' म्हटलं.

आता मीही खोटं बोलतेय.

१२ डिसेंबर

विनार्तेर्ता केला, आमचा नाताळचा केक. सात थर, मध्ये सुक्या आलुबुखारांचं सारण, वेलची घातलेली. एकटीला सात थरांचा केक! अर्धा स्टेब्बीकडे दिला. पाव फ्रीजरमध्ये. उरलेला एगिलला पार्सल केला. चिठ्ठी लिहायला घेतली होती, 'प्रिय एगिल' लिहिलं, पुढे सुचेना. चिठ्ठी न घालताच बंद केलं.

२४ डिसेंबर

फोन आला. उचलला. 'शुभ नाताळ आई. सुट्टी नाही मिळाली.' बरं म्हटलं. 'केक मिळाला. मस्त आहे.' बरं. 'टाळेबंदीचं काही?' काही नाही म्हटलं. 'तू मधे फोन उचलला नाहीस.' बाहेर होते म्हटलं. उणे तीस डिग्रीत, शनिवारी नऊ वाजता, कुठे बाहेर असणार होते मी! त्याने विचारलं नाही.

तीन मिनिटं. सतरासुद्धा नाहीत.

६ जानेवारी २०१३, रविवार

साडेसहाला फोन खणखणला. धडपडत गेले. वाटलं, एगिल! स्टेब्बी होता. 'वहिनीईई! मिटलं! पहाटे मिटलं! मध्यस्थाने रात्रभर बसवून ठेवलं आणि मिटवलं!' रडत होता थेरडा. मागे त्याची बायको ओरडत होती — आधी दाढी कर!

बेकरीत आज कॉफी फुकट. स्टेब्बी तुळतुळीत होऊन आला. एकदम म्हातारा दिसला. त्या दाढीत बरा लपला होता.

सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. एकशे तेरा दिवस ज्याची वाट बघितली ते झालं. आणि मी कॉफी अर्धी टाकून घरी आले. आता फोन पुन्हा सुरू होतील. तो पुन्हा दोन वाक्यं बोलेल, मी पुन्हा हो हो करीन, दोघांनाही माहीत असेल. नाही, मला एकटीलाच माहीत असेल. ते त्याहून वाईट.

नको मला असले फोन.

हवेत. पण असले नकोत.

८ जानेवारी, मंगळवार

केला फोन. बसूनही घेतलं नाही, उभ्यानेच.

म्हटलं, 'एगिल, त्या शनिवारचा सामना काळा-पांढरा होता.'

  'अरे देवा,' म्हणाला. आणि मग, 'रोमेल नव्हता ना.'

कोण रोमेल? छावणीवर त्याच्याबरोबर काम करणारा, मनिलाचा पोरगा. हॉकीचं वेड लागलेलं त्याला, जन्मात बर्फ बघितला नव्हता इथे येईपर्यंत! सामना कँटीनमध्ये लावतात. रोमेल आत बसून बघायचा. दुसरा भाग संपला की कागदाच्या रुमालावर दोन ओळी लिहून बाहेर आणून द्यायचा. एगिल पॅसेजमध्ये उभा. रुमाल वाचायचा आणि मला फोन लावायचा. अठ्ठ्याहत्तर रुमाल! नोव्हेंबरात रोमेल बहिणीच्या लग्नाला मनिलाला गेला होता, म्हणून यानं पेपर वाचला.

'आत का नाही बसायचास?'

'टीव्हीवर तो स्केटचा आवाज येतो ना आई, बर्फ कापल्याचा.  अजून बाबा काचेपाशी उभे असतील असं वाटतं.'

मी म्हटलं, 'मग केलेस कशाला फोन? कुणी सांगितलं होतं?'

'कुणी नाही. बाबा गेल्यावर तू एकटी, आणि मला रोज फोन करावासा वाटायचा. पण काय बोलायचं? मध्यंतरात केला की विषय असतो. आणि सतरा मिनिटांनी ठेवायला कारण असतं. भीती वाटायची मला. कारण नसलं तर आपण काय काय बोललो असतो.'

मग मी बोलले. पंचवीस वर्षं बोलायचं होतं ते. म्हटलं, 'तू मोज्यांवर चालत आलास त्या दिवशी मी गाडीत होते. मी तुझ्या बाबांना काहीच बोलले नाही. तुलाही नाही.'

तो म्हणाला, 'हो. नाही बोललीस.'

रागावून नाही म्हणाला. ते जास्त लागलं.

मी म्हटलं, 'तू बघू नकोस हॉकी. मला दोन ओळी नकोत. रविवारी फोन कर, वाटलं तर. विषय नसला तरी चालेल.' बघतो म्हणाला. ठेवला.

फोनजवळच जमिनीवर बसले.

१३ जानेवारी, रविवार

दिवसभर घरात. कपडे धुवायला तळघरातसुद्धा गेले नाही, तिथे घंटी ऐकू येत नाही म्हणून.

नाही आला.

१४ जानेवारी

आणि काय अपेक्षा होती माझी? मीच त्याचं निमित्त काढून घेतलं. निमित्त होतं तोवर आवाज तरी ऐकू यायचा. शहाणपणा केला मी! सामना काळा-पांढरा होता म्हणे. असू द्यायचा होता.

१८ जानेवारी, शुक्रवार

उद्या पहिला सामना, दुपारी दोनला, ओटावाशी. स्टेब्बी म्हणाला आमच्याकडे या, मोठा टीव्ही आहे, माशाचं सूप आहे. नको म्हटलं.

मी बघणार नाहीये. ठरवलंय. ज्या खेळापायी पोरगं मोज्यांवर चालत गेलं, तो मी एकटी बसून मजेत बघायची — आणि तो तिकडे पॅसेजमध्ये. नाही. त्याला पक्कं कळायला हवं की मला हॉकी नको, तो हवा. रिमोट कुठेतरी ठेवून दिला, हाताला लागू नये म्हणून.

१९ जानेवारी, शनिवार, दुपारी

दोन वाजून गेले. टीव्ही बंद. निळा स्वेटर घातलाय, ते थंडी आहे म्हणून. शेजाऱ्यांच्या घरातून ओरडा ऐकू आला. गोल असेल. कुणाचा?

तीन वाजले. दुसरा भाग चालू असेल. आता मीच फोन करणार आहे. मध्यंतरात नाही — खेळ चालू असताना! म्हणजे त्याला कळेल की मी बघत नाहीये. हॉकी बघणारा माणूस खेळ चालू असताना फोन करत नाही.

१९ जानेवारी, लगेच नंतर

केला. पाचव्या घंटीला उचलला. मागे हा गोंगाट! खुर्च्या सरकतायत, कुणीतरी शिट्ट्या मारतंय, आणि त्या सगळ्यात तो आवाज. स्केटचा. बर्फ कापल्याचा.

'आई! आत्ता नको! एक माणूस कमी आहे आपला, दोन मिनिटं दंड, आंधळा आहे का हा पंच! मध्यंतरात करतो!'

आणि ठेवलासुद्धा.

कुणाला दंड? कशासाठी? रिमोट कुठे ठेवलाय मी!